दुसरा काकवा

नमस्कार, श्रोतेहो.

काकवा हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानांवर आलेलं नसेल. पण त्या जमातीशी नातं सांगणारा एक माणूस तुम्हाला पक्का ठाऊक आहे. इदी अमीन. 1972 साली युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणणारा. त्यात गुजराती होते, तसे गोव्याचेही होते. अमीनचे वडील काकवा, म्हणून सगळ्या जमातीवर शिक्का बसला. मला आज दुसऱ्या एका काकवाविषयी बोलायचंय.

काकवा राहतात युगांडाच्या वायव्य टोकाला, कोबोकोच्या आसपास. शिवाय दक्षिण सुदानात येईला, आणि काँगोतही. जमात एक, भाषा एक, देश तीन. 1914 साली पश्चिम नाईलचा, म्हणजे कोबोकोकडचा, मुलूख सुदानकडून काढून युगांडाला जोडला आणि भावकीच्या मधून सरहद्द गेली. नकाशे आखणाऱ्या या साहेबांना आधी वर्षभर तलाठ्याच्या हाताखाली बसवायला हवं होतं. बांधावरून काय काय होतं ते कळलं असतं! असो.

माणसं शेतकरी. ज्वारी, नाचणी, तीळ, भुईमूग आणि कसावा. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो तोच कंद. तो भिजवून, वाळवून, कुटून पीठ करतात आणि उकळत्या पाण्यात घोटून घट्ट गोळा बनवतात. सोबत चवळीच्या पाल्याची भाजी, तिळाचं नाहीतर दाण्याचं वाटण लावलेली. चूल तीन दगडांची, ती काही तुम्हाला समजावून सांगायला नको. आता हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो आपल्या उपासाला चालतो आणि घरची ज्वारी चालत नाही, हा न्याय कुणी लावला देव जाणे.

देवाचंच निघालं म्हणून सांगतो. पूर्वी तिथे पाऊस पाडणाऱ्या प्रमुखाचा मोठा मान असे. पुढे मिशनरी आले. आज कोबोकोकडे मुसलमान बरेच, येईकडे बहुतेक ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये ढोल वाजतात.

तर गोष्ट 1977 सालची. लक्षात ठेवा, 1977. युगांडातल्या अँग्लिकन चर्चचं ते शताब्दी वर्ष. आर्चबिशप होते जनानी लुवुम, जमातीने आचोली. अमीनच्या राज्यात माणसं घरातून उचलली जात, परत येत नसत. बिशपांनी मिळून अमीनला निषेधाचं पत्र लिहिलं. 16 फेब्रुवारीला सगळ्यांना कंपालात बोलावणं आलं. उन्हात तासन्‌तास उभं केलं, समोर बंदुकांचे ढीग मांडले, हा तुमचा कट म्हणाले. मग बाकीच्यांना सोडलं. लुवुमना मात्र थांबवून घेतलं. दुसऱ्या दिवशी जाहीर झालं, मोटार अपघातात गेले म्हणून. कुणाचा विश्वास बसला नाही.

नामिरेंबेच्या टेकडीवर कॅथेड्रल आहे. तिथे, 1885 साली मारल्या गेलेल्या बिशप हॅनिंग्टनच्या थडग्याजवळ, लुवुमसाठी खड्डा खणून ठेवला होता. पण शव आलंच नाही. सरकारने ते परस्पर त्यांच्या गावी पाठवून पुरायला लावलं आणि कंपालातल्या अंत्यविधीला बंदी घातली. तरी रविवारी, 20 तारखेला, हजारो माणसं टेकडी चढून आली. प्रार्थना झाली, मंडळी बाहेर आली आणि त्या रिकाम्या खड्ड्याभोवती उभी राहिली. कुणी घरी जाईना. गाणी सुरू झाली. मग निवृत्त आर्चबिशप एरिका साबिटी पुढे झाले आणि येशूच्या थडग्यापाशी देवदूत जे बोलला तेच बोलले: तो इथे नाही, तो उठला आहे. रिकामी कबर, श्रोतेहो! शव लपवणाऱ्यांनीच ती रिकामी ठेवली होती.

आता त्या जागी कोण बसणार? बिशपांनी निवडलं सिल्व्हानस वानी यांना. पश्चिम नाईलचे बिशप. जमात काकवा. होय, अमीनचीच. काही जण म्हणाले असतील, गेलं चर्च अमीनच्या खिशात. पण वानी आणि लुवुम यांची जुनी ओळख होती. उत्तर युगांडाचं बिशपपद लुवुमनी वानींकडूनच घेतलं होतं.

1979 साली अमीन पळाला. पुढे सूड उगवायला पश्चिम नाईलमध्ये नव्या सरकारचं सैन्य शिरलं, तेव्हा अमीनची माणसं म्हणून काकवांचीही घरं जळाली. लोक सरहद्द ओलांडून येईकडे धावले, त्या मघाच्याच सरहद्दीपलीकडे. तिकडच्या काकवांनी त्यांना जागा दिली. वानी 1983 पर्यंत आर्चबिशप होते, म्हणजे आपली माणसं मारली जाताना त्याच सरकारच्या राजधानीत त्यांना रविवारची प्रार्थना चालवायची होती.

2016 साली दक्षिण सुदानातल्या यादवीत येई पेटलं आणि लोंढा उलटा, युगांडाकडे वळला. युगांडात बिडिबिडीची निर्वासितांची छावणी तेव्हाच उभी राहिली. या वेळी जागा द्यायची पाळी युगांडाची होती, आणि त्यांनी तंबूंबरोबर प्रत्येक कुटुंबाला जमिनीचा तुकडाही दिला.