मैत्रीपर्यंतचे शंभर किलोमीटर

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचा समोरचा हा पांढरा कडा म्हणजे जमीन नव्हे. समुद्रावर तरंगणाऱ्या हिमाच्या जाड थराची ही कड आहे. भारताचं मैत्री संशोधन केंद्र इथून सुमारे १०० किलोमीटर आत, शिरमाकर टापूच्या उघड्या खडकावर १९८९ पासून उभं आहे.

माणसांसाठी विमानाची सोय आहे. केपटाउनहून निघालेलं इल्युशिन-७६ साधारण सहा तासांत नोव्होच्या, म्हणजे रशियाच्या नोव्होलाझारेव्स्काया केंद्राच्या, निळ्या बर्फावरच्या धावपट्टीवर उतरतं. अवजड यंत्रं, वर्षभराचा शिधा आणि मुख्य म्हणजे इंधन मात्र जहाजानेच आणावं लागतं.

जहाज कडेला लावून दोरखंड बर्फात गाडलेल्या ओंडक्यांना बांधतात. क्रेनने उतरवलेला माल लगोलग आत ओढतात, कारण कडेचा तुकडा कधी सुटेल याचा नेम नसतो.

हेलिकॉप्टरखाली लोंबणारा हा हुक पाहा. हाताशी आला तरी त्याला कुणी शिवत नाही. कोरड्या हवेत आणि उडत्या हिमकणांत फिरणाऱ्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते. आधी ही वीज खाली उतरवणारी अर्थिंगची काठी हुकाला टेकवायची, मगच स्लिंग, म्हणजे मालाला बांधलेला दोर, अडकवायचा. रिकामी टाकी उचलणं भरलेल्या टाकीपेक्षा अवघड. हलका, फुगीर माल वाऱ्यात झोके घेतो आणि वैमानिकाला वेग कमी करावा लागतो.

आता खरा रस्ता. रस्ता म्हणायचं एवढंच. आहेत ते जीपीएसवर नोंदलेले बिंदू. पट्ट्यांवर चालणाऱ्या पिस्टनबुली हिमगाड्या एकामागे एक, पुढच्याच्या चाकोरीतून जातात. चाकोरी सोडली की हिमाने झाकलेली भेग पोटात घेऊ शकते. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तरी ताफा रात्रीच काढतात. ऊन तिरकं असतं, वरचा बर्फ घट्ट राहतो.

गाडीमागे ओढली जाणारी मालाची स्लेज थोडा वेळ जरी उभी राहिली तरी तिचे रनर, म्हणजे खालच्या घसरपट्ट्या, बर्फाला चिकटतात. घसरताना खाली झालेला पाण्याचा पातळ थर थांबताक्षणी गोठतो. सरळ हिसका दिला तर जोडदांडाच तुटायचा. म्हणून चालक गाडी आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवतो आणि एकेक रनर मोकळा करतो. हे कसब पुस्तकातून येत नाही. शोधनिबंधांत या चालकांची आणि मेकॅनिकांची नावं नसतात. ती असायला हवीत.

टाक्यांत साधं डिझेल चालत नाही. थंडीत त्यातलं मेण साकळून फिल्टर तुंबतो, जनरेटर बंद पडतो. विमानाचं इंधन किंवा ध्रुवीय थंडीसाठीचं खास डिझेलच लागतं. समुद्र पुन्हा गोठण्याआधी ते पोहोचलं नाही, तर हिवाळी तुकडीला आहे त्यात भागवावं लागतं.

उतरणीला लागलेला हा ताफा भरलेलाच आहे. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठीच्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉल या करारानुसार केंद्राचा कचरा, वापरलेलं तेल आणि रिकामी पिंपं याच वाटेने जहाजावर परत चढवली जातात.