पंधरा दिवस, तीन अवजारं आणि एक धारवाला

(दृश्य: ओट्यावर उलटं ठेवलेलं मिक्सरचं भांडं. हात दिसतात, चेहरा नाही.)

भांड्याच्या बुडाशी आहे तो काळा कपलर. त्याचे दात झिजले की खाली मोटर नुसती घरघरते आणि वर चटणी जागची हलत नाही. नवा कपलर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. जुना काढायला बसलं की मात्र फसगत होते, कारण बहुतेक मिक्सरमध्ये याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने डावीकडे फिरवला तर तो आणखी घट्ट बसतो. आत पात्यावर जाड फडकं टाकून धरायचं, बुडाशी पक्कड लावायची आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जोर द्यायचा.

(कपलर सुटतो. आवाज तसाच ठेवावा.)

हे काम केलेली पक्कड मिटली की मुठीत मावते. सॉग कंपनीचं पॉवरपिंट. मल्टिटूल, म्हणजे एकात अनेक अवजारं, म्हटलं की आपल्याला दोनच नावं आठवतात, व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू आणि लेदरमन. दोन्ही उत्तम आणि दोन्हींवर व्हिडिओंचा ढीग पडलाय. म्हणून त्यांना या पंधरा दिवसांत सुट्टी. नाशकातल्या एका साध्या घरात आणि एका जुन्या स्कूटरच्या डिकीत जी तीन अवजारं फिरली, ती सहसा कुणी न विचारणारी.

(अगदी जवळून: पकडीचा सांधा, दाते.)

इथे जरा थांबून बघा. साध्या पकडीत दोन दांडे एका खिळ्यावर फिरतात. इथे दांड्यांच्या टोकांना दाते आहेत आणि ते एकमेकांत अडकून फिरतात. दांडे लांबवर उघडावे लागतात, पण त्या बदल्यात जबड्याला जोर जास्त मिळतो. आखूड दांड्याच्या पकडीत जोर आणायचा हा एक उपाय. सॉग हे नाव व्हिएतनाम युद्धातल्या एका गुप्त अमेरिकी पथकाचं, स्टडीज अँड ऑब्झर्वेशन्स ग्रुपच्या आद्याक्षरांवरून आलेलं. त्या पथकाकडच्या सुरीची प्रतिकृती करायची म्हणून स्पेन्सर फ्रेझर यांनी १९८६ मध्ये कंपनी काढली. युद्धातल्या सुरीपासून निघालेली गोष्ट आमच्या ओट्यावर येऊन लसणाच्या चटणीला लागली.

दुसरं रॉक्सनचं केएस. एका बाजूला सुरी, दुसऱ्या बाजूला चांगली मोठी कातरी. खरं सांगायचं तर पंधरा दिवसांत सर्वांत जास्त वेळा खिशातून निघाली ती हीच. कुरिअरचे खोके, पोत्याच्या दोऱ्या, कढीपत्त्याचे दांडे.

(दृश्य: दुधाची पिशवी, कातरी.)

दुधाची पिशवीही. कोपरा पूर्ण तोडलेला नाही, लटकता ठेवलाय. तेवढा तुकडा वेगळा पडला की कचऱ्यातून कुणी उचलत नाही.

तिसऱ्याला नावच नाही. खोक्यावर फक्त मोठ्या अक्षरांत ‘१८ कामं’. आम्ही मोजली. पकडीचं टोक एक, मधली गोल पकड दोन, तार कापायची धार तीन. म्हणजे एकच पक्कड तीनदा मोजली. पात्यावर सेंटिमीटरच्या खुणा आहेत, ती पट्टी चौथी.

(दृश्य: वर्तमानपत्रावर सुटे भाग.)

आता उलटून बघा. पॉवरपिंट आणि रॉक्सन, या दोघांचे सांधे स्क्रूचे आहेत, चांदणीच्या खाचेचे. स्क्रू काढले की भाग वेगळे होतात. आत काय साठलंय ते दिसतंय ना? तेल, पीठ, खोक्याची धूळ. जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं करायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, पुन्हा जोडायचं. स्क्रू पाव फेरा जास्त आवळला तर पातं नखाने उघडत नाही, कमी आवळला तर डुगडुगतं. तो पाव फेरा सापडायला आम्हाला अर्धी दुपार लागली आणि ती अर्धी दुपार मजेत गेली. तिसऱ्याला मात्र दोन्ही टोकांना रिबिटा ठोकल्यात. तो उघडायची सोयच नाही. अवजार विकत घेताना खोक्यावरचा आकडा सोडा, आधी सांधा बघा.

(दृश्य: गल्ली. स्टँडवर लावलेली सायकल, पायडल, फिरणारं सहाणेचं चाक.)

धारवाले काका. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारायचं, पट्ट्यावर चाक फिरायला लागतं. आधी शेजारच्या आजींची विळी. ठिणग्या बघा, लांब जातात आणि टोकाला फुटतात, फुलबाजीसारख्या. ते साधं कार्बनचं पोलाद. आता आमचं पातं. ठिणग्या आखूड, लालसर, फुटत नाहीत. हे स्टेनलेस. गंज टाळण्यासाठी त्यात क्रोमियम घालतात, आणि ठिणगीही त्यामुळे बदलते. काकांना हे कुणी शिकवलेलं नाही. ठिणगी बघितली की ते दाब कमी करतात आणि दर चार फेऱ्यांनी पातं डब्यातल्या पाण्यात बुडवतात. न बुडवता घासत राहिलं तर धार तापते आणि पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. मग कितीही घासा, दोन कांद्यांत ती बोथट.

“एवढुसं पातं, धरायला अवघड,” एवढंच म्हणाले. विळीचे आणि त्याचे पैसे सारखेच घेतले.

(दृश्य: हातरुमालावर तुटलेले तुकडे.)

बिनानावाचं अवजार आठव्या दिवशी स्कूटरच्या आरशाचा नट आवळताना रिबिटेशी सुटलं. तेव्हा कॅमेरा बंद होता. बोटाला लागलं, टाके नाही पडले.

आणखी दोन गोष्टी, चित्रीकरण नाही म्हणून नुसतं सांगतो. या तिन्हींचे दांडे उघड्या धातूचे आहेत, त्यामुळे मेन स्विच बंद केल्याशिवाय विजेच्या कामाला हात लावायचा नाही. आणि विमानाने जाताना हे केबिनच्या बॅगेत चालत नाही, मोठ्या सामानात टाका.

(दृश्य: पुन्हा धारवाले काका. पट्टा चाकावरून घसरतो.)

निघता निघता काकांचा पट्टा घसरला. आमची दोन्ही अवजारं त्यांच्या कॅरियरवरच ठेवलेली होती. काकांनी पॉवरपिंट उचललं, चार वेळा उघडलं, मिटलं, दाते निरखले आणि परत ठेवलं. मग पिशवीतून आपली पक्कड काढली. टपारियाची, इथल्याच सातपूर एमआयडीसीतली. या कंपनीने १९६९ मध्ये स्वीडनच्या तंत्रसाहाय्यावर हातअवजारं बनवायला सुरुवात केली. काकांच्या पकडीवरचं मूळ प्लास्टिक कधीच गेलंय, एका दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. पकडायचं टोक, गोल पकड, तार कापायची धार, सगळं एका सांध्यावर.

(पट्टा बसतो. पायडल. चाक फिरतं. निवेदन थांबवावं, ठिणग्या शेवटपर्यंत चालू द्याव्यात.)