रेघेची जाडी

नमस्कार. पुढच्या रांगांत आर्किटेक्चर शिकणारी मुलंमुली बसली आहेत आणि मागे त्यांचे आईवडील. आईवडिलांच्या मनातला प्रश्न ठरलेला असतो: पाच वर्षं शिकायचं, पुढे दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात रेघा मारायच्या, मग आमचं मूल स्वतःचं असं काही करणार कधी? प्रश्न रास्त आहे. आजचं बोलणं त्या मधल्या सात-आठ वर्षांबद्दलच आहे.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी भिंत काढतो म्हणजे दोन समांतर रेघा काढतो. त्या रेघांना जाडी नसते, वजन नसतं, आणि त्या कोण बांधणार हे त्याच्या गावीही नसतं. नऊ इंची भिंत म्हणजे २३० मिलिमीटर वीट. आतल्या बाजूचा गिलावा नकाशात १२ मिलिमीटर धरतात. वीटकाम वाकडं असेल तर तो साइटवर २० होतो. म्हणजे विटेपासून विटेपर्यंत ३००० मिलिमीटर लिहिलेली खोली प्रत्यक्षात २९७६ची, कधी २९६०ची भरते. सुताराने नकाशा वाचून बरोबर ३००० मिलिमीटरचं कपाट बनवून आणलं, तर ते हॉलमध्येच उभं राहतं. मग भांडण सुतार आणि ठेकेदार यांच्यात होतं. चूक मात्र रेघेची असते.

आकार सुचणं ही या कामातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. फोनवर दिवसाला शंभर आकार दिसतात. सुचलेल्या आकाराला माप लागलं की त्यातलं काय टिकतं, हे कळायला वेळ लागतो. त्या वेळाला आपण शिक्षण म्हणतो.

ते कळण्याचा सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे जुनी इमारत मोजून काढणं. आपण इंदूरकर याबाबतीत नशीबवान आहोत. पण सुरुवात होळकरांच्या राजवाड्यापासून करू नका. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, त्यात १९८४च्या आगीनंतर झालेली दुरुस्ती. नवशिक्याला त्यातलं जुनं कुठलं आणि नवं कुठलं हेच उमगत नाही. त्यापेक्षा जुन्या पेठेतला एखादा दुमजली वाडा घ्या, मालकाची परवानगी काढा आणि तिघं मिळून जा. एक टेपचं शून्य धरतो, दुसरा वाचतो, तिसरा लिहितो. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा, कारण ‘तेवीस’ आणि ‘त्रेसष्ट’ जिन्याखालच्या अंधारात सारखेच ऐकू येतात.

टेप काढण्याआधी सगळं घर नुसतं फिरून हातानेच नकाशा काढा. एका पानावर एकच खोली, म्हणजे आकड्यांना जागा उरते. मापं तुकड्यातुकड्याने घेऊ नका. भिंत, खिडकी, भिंत, कोनाडा असं प्रत्येक वेळी नव्याने शून्य धरलं तर दर वेळी तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, आणि चौदा मापांत बेचाळीस. टेप एका टोकाला धरून ठेवा आणि सगळे आकडे त्याच शून्यापासून वाचत जा. दोन्ही कर्ण घेतल्याशिवाय खोली सोडू नका. चारही भिंती मोजल्या तरी खोली काटकोनात आहे की पतंगासारखी तिरकी, हे फक्त कर्णच सांगतात. लेझर मीटर सोयीचा असतो, पण वाड्याच्या मधल्या चौकातल्या उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही. तिथे टेपच लागते.

उंचीसाठी मिस्त्री वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. जमिनीपासून एक मीटरवर एक खूण करायची आणि पाण्याच्या पातळीने तीच खूण घरभर फिरवायची. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतं का ते पाहायचं. आपल्या साइटवर यासाठी दोन भाषा लागतात, हेही ओघाने सांगतो. घरात आपण ओळंबा म्हणतो, मिस्त्री साहुल म्हणतो. काटकोन तपासायचा आपला गुण्या, तो त्याचा गुनिया. त्याचा शब्द वापरा. काम लवकर होतं.

अशा मोजणीतून वाड्याचा हिशोब हाताला लागतो. लाकडी खांबांमधलं अंतर जवळपास सारखं येतं, तो खण. तुळईची लांबी खणाने ठरते, कडीपाटाचे, म्हणजे लाकडी छताचे, पाट खणाने ठरतात, आणि घरही ‘पाच खणी’ म्हणून ओळखलं जातं. मधली भिंत नुसती भरलेली असते, वजन खांबांवर असतं. हे वर्गात एका वाक्यात सांगता येतं. खांबाखालचा दगड पाहून, त्याच्या शेजारची जमीन चार बोटं खचलेली मोजून ज्याला कळलं, तो पुढे स्वतःच्या नकाशात कॉलम कुठेही टाकत नाही.

आता एक जिना घेऊ, आणि सावकाश घेऊ. स्लॅबपासून स्लॅबपर्यंत उंची ३००० मिलिमीटर. १८ रायझर, म्हणजे पायरीची उंची, धरले तर प्रत्येक १६६.७चा. ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची रुंदी, २७० ठेवा. रायझरची दुप्पट अधिक ट्रेड ही बेरीज ६०० ते ६३०च्या दरम्यान आली की पाय सहज पडतो. इथे ती ६०३ येते, ठीक आहे. डॉगलेग जिन्यात, म्हणजे अर्ध्यावर लँडिंगपाशी उलटा वळणाऱ्या जिन्यात, एका बाजूला नऊ रायझर, पण ट्रेड आठच, कारण नववी पायरी म्हणजे लँडिंग. निम्मे विद्यार्थी इथे नऊ ट्रेड काढतात. आठ ट्रेडचे २१६० मिलिमीटर, दोन्ही टोकांना एक-एक मीटर, म्हणजे जिन्याला ४१६० मिलिमीटर लांबी निव्वळ हवी. सुरुवातीच्या नकाशांत जिना नेहमी उरलेल्या जागेत कोंबलेला असतो, तो याचमुळे.

गणित झालं, पण घोळ पुढेच आहे. हे सगळे आकडे काँक्रीटचे. त्यावर खोलीत सिमेंटचा माल आणि फरशी मिळून ६५ मिलिमीटर चढतात; पायरीवर माल आणि ग्रॅनाइट मिळून ४०. काँक्रीटचा साचा बांधणाऱ्या सेंटरिंगवाल्याने फळ्या समान मारल्या, म्हणजे त्याने अगदी नकाशाप्रमाणे काम केलं. तळाशी जमीन ६५ने वर आली, पहिली पायरी ४०नेच. तो रायझर १४२ झाला. वरच्या मजल्यावर उलट: शेवटचा रायझर १९२. पहिला एक इंच खुजा, शेवटचा एक इंच उंच. मधल्या सोळा पायऱ्यांची पायाला सवय झालेली असते आणि माणूस नेमका शेवटच्या पायरीला ठेचकाळतो. घरची मंडळी म्हणतात, जिना लाभत नाही. लाभत नाही हे खरं, पण त्याला वास्तुशास्त्राचं कारण शोधायची गरज नाही. काँक्रीट ओततानाच पहिला रायझर १९२चा आणि शेवटचा १४२चा ठेवला की फरशी बसल्यावर सगळे सारखे होतात. लँडिंगवर पायरीचीच फरशी, त्याच जाडीची, बसवली तरच हे खरं. तिथे खोलीची जाड फरशी घातली की मध्येच आणखी दोन पायऱ्या बिघडतात.

यात कल्पकता कुठे आली, असं कोणी विचारील. ज्याला काँक्रीटची पातळी आणि फरशीची पातळी अशा दोन पातळ्या एकाच वेळी डोक्यात धरता येतात, त्यालाच अर्ध्या मजल्यावर देवघर काढायची, बैठकीची खोली तीन पायऱ्या खाली उतरवायची छाती होते. बाकीचे घाबरून सगळं सपाट ठेवतात आणि वर त्याला साधेपणा म्हणतात.

दुसऱ्यांचं काम पाहून शिकण्याबद्दल. आपल्या गावात माणिकबाग हा होळकरांचा महाल आहे, आता तिथे सरकारी कर कार्यालय आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी त्याचं काम एकार्ट मुथेसियुस या जर्मन आर्किटेक्टला दिलं. १९३०च्या आसपास त्याचं वय पंचवीस-सव्वीस, महाराज त्याहूनही लहान. त्या वयात कुणी सबंध राजवाडा सोपवत नाही, हे सोडून द्या. त्याने काढलं काय ते पाहा. वाचनालयातल्या लाल आरामखुर्च्यांच्या पाठीतच त्याने वाचायचे दिवे बसवले. वायर कुठून जाणार, बल्ब बदलणार कसा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येणार की पानावर, एवढं सगळं एका खुर्चीत. त्या घरातलं पुष्कळ सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात गेलं, त्यामुळे आज खुर्ची पाहायला माणिकबागेत जाऊन उपयोग नाही. पण अभ्यासाची पद्धत तीच ठेवा. आवडलेल्या इमारतीची शंभर छायाचित्रं साठवण्याऐवजी तिची एकच खिडकी एकास पाच प्रमाणात काढा. काच कशात बसली, पाणी कुठून बाहेर पडतं, पल्ला उघडल्यावर पडद्याचं काय होतं. उत्तरं सापडत नाहीत, तिथे परत जाऊन पाहायचं.

खिडकीवरून छज्जा आठवला. तो सगळेजण सवयीने दीड-दोन फूट काढतात, चारही दिशांना. इंदूरचं अक्षांश २२.७. मार्च आणि सप्टेंबरात भरदुपारी, म्हणजे आपल्या घड्याळात बारा नव्हे तर साडेबाराच्या सुमारास, सूर्य क्षितिजापासून ६७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या १२०० मिलिमीटर उंच खिडकीला तेव्हा पूर्ण सावली हवी तर छज्जा ५०० मिलिमीटर पुरतो. डिसेंबरात सूर्य ४४ अंशांवर उतरतो. तोच छज्जा वरच्या ४८० मिलिमीटरलाच सावली देतो आणि खालून ऊन घरात येतं. थंडीत तेच तर हवं असतं. पश्चिमेला मात्र हा हिशोब कोलमडतो. मे महिन्यात पाचच्या उन्हापुढे चार फुटी छज्जाही हात टेकतो. तिथे उभी पडदी, जाळी, झाड, नाहीतर खिडकीच लहान.

मग ट्रेनिंग आणि पहिली नोकरी. माळव्याची काळी माती इथे खरी गुरू. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हा खेळ साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतो. गंमत अशी की जड इमारतीपेक्षा हलकी बांधकामं आधी तडकतात: कंपाउंडची भिंत, गॅरेज, एकमजली खोली. फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवायला त्यांचं वजन पुरत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, पावसाळ्यात दार चौकटीत अडकायला लागलं, की पायाकडे पाहा. उपाय इंजिनियर सांगतो: काळी माती काढून मुरूम भरणं, किंवा खाली फुगा असलेले अंडररीम पाइल, ज्यांचा फुगा खांबाच्या साधारण अडीचपट रुंद असतो. आर्किटेक्टने आपल्याकडून पाहायचं ते वेगळं. घराभोवती पाणी बाहेर ढकलणारी फरसबंदी आहे का, ड्रेनेजचं चेंबर पायाला चिकटून तर नाही, आणि मालकिणीबाईंनी हौसेने लावलेला वड भिंतीपासून किती लांब आहे.

ऑफिसात पहिली दोन वर्षं बाथरूमच काढावी लागतात, म्हणून मुलं कुरकुरतात. काढा. फरशीला एकास ८० उतार दिला तर २४०० मिलिमीटर लांबीत ३० मिलिमीटर पडतात. ते दारापासून मोजायचे, आणि बाथरूमची फरशी दारातच बाहेरच्यापेक्षा १५ मिलिमीटर खाली हवी. ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, कोपऱ्यात आणि फरशी ६०० बाय ६००ची घेतली की उतार दोन दिशांना वळवता येत नाही, फरशी कापावी लागते किंवा पाणी साचतं. लहान फरशी घ्या, नाहीतर भिंतीलगत लांब जाळीचा ट्रॅप, म्हणजे उतार एकाच दिशेचा. फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवून खालच्या छताला ओल येते का पाहायची. ठेकेदार म्हणेल, साहेब, कालच केलं. तुमच्यासमोर पुन्हा भरायला लावा.

आणि नकाशावर तारीख आणि दुरुस्तीचा क्रमांक. साइटवरच्या निम्म्या चुका जुना कागद बघून होतात. नवा नकाशा देताना जुना परत घ्यायचा किंवा त्यावर समोरच लाल फुली मारायची.

शेवटी अरण्य. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी आखलेली ही वस्ती सुमारे ८५ हेक्टरांची, साठ हजार माणसांसाठी. १९९५ साली तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. आराखड्याच्या काळातच दोशींच्या संस्थेने कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठासोबत इंदुरातल्या झोपडवस्त्या मोजून काढल्या होत्या: गल्लीची रुंदी, ओटे, झाडं, दारातली दुकानं. त्याच्याही कितीतरी आधी, १९१८ साली, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांनी होळकर दरबाराला अहवाल दिला, तोही गावातले बोळ पायी धुंडाळून. अरण्यात गरिबांसाठी सगळ्यात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा. त्यावर जोतं आणि संडास-न्हाणी, स्वयंपाकघर, एखादी खोली एवढाच गाभा. पुढचं घर राहणाऱ्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. नमुन्यादाखल फक्त ८० घरं बांधून दाखवली. पाणी आणि मैल्याच्या नळ्या आखायच्या आणि दर्शनी भाग दुसऱ्यावर सोपवायचा, हे नव्या आर्किटेक्टला फार जड जातं. तिथे आज जे मजले चढलेत, जे रंग लागलेत, ते पाहून नाकं मुरडणारेही आहेत. मला तरी ते त्या आराखड्याचंच काम वाटतं.

जाणार असाल तर सकाळी जा. दुपारी ओट्यांवर बायका बसलेल्या असतात. टेप लावण्याआधी विचारा. ओट्याची उंची रस्त्यापासून घ्या, पण एकदा घरातल्या फरशीपासूनही घ्या. डांबराचे थर चढत रस्ते वर येतात आणि ओट्याची एखादी पायरी गाडली जाते. ती होती की नव्हती, हे आतून मोजल्याशिवाय कळत नाही. आता प्रश्न घेऊ.