एट-के टीव्ही घरात कधी येणार? आधी सोफ्यापासून टीव्हीपर्यंत टेप लावा

नमस्कार मंडळी! नवीन टीव्ही बघायला शोरूममध्ये गेलात, की दारातच एक भलामोठा पडदा लावलेला असतो. त्यावर फुलपाखराचे पंख, मधाची धार, रात्रीच्या शहराचे दिवे. सगळं संथ, सगळं चकचकीत. आणि शेजारी उभा असलेला मुलगा सांगतो, "सर, एट-के आहे. पुढची दहा वर्षं बघायला नको."

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, की थांबायचं का एट-केसाठी? माझं मत आधीच सांगून टाकतो. एट-के हे तंत्र म्हणून थोर आहे. पण ते ज्यासाठी घडवलं गेलं, ते आपल्या हॉलमध्ये घडत नाही. आणि आपल्या घरी चित्र फिकट किंवा चौकड्या-चौकड्यांचं दिसतं, त्याचा दोष पडद्यावरच्या पिक्सेलना देऊन उपयोग नाही.

याची गोष्ट जपानची आहे. एनएचके ही तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था. एचडी टीव्हीवर त्यांनी १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर लगेच संशोधन सुरू केलं होतं. पुढे त्यांनीच 'सुपर हाय-व्हिजन', म्हणजे आजचं एट-के, हाती घेतलं आणि २००५च्या आइची एक्स्पोमध्ये लोकांना दाखवलं. ७६८० गुणिले ४३२०, म्हणजे ३ कोटी ३१ लाखांहून जास्त पिक्सेल. फुल एचडीच्या सोळापट, फोर-केच्या चौपट. सोबत आवाजाचे २२.२ चॅनल.

आता यातली खरी मेख ऐका. एनएचकेला नुसतं जास्त रेखीव चित्र नको होतं. बघणाऱ्याला चित्राच्या आत बसवायचं होतं. त्यासाठी त्यांनी अंतर ठरवलं: पडद्याच्या उंचीच्या पाऊणपट. इतक्या जवळ बसलात, की चित्र तुमच्या नजरेचा जवळजवळ १०० अंशांचा कोन व्यापतं. एचडीत हा कोन ३० अंशांचा धरलेला असतो. इतक्या जवळूनही ठिपके दिसू नयेत, म्हणून एवढे पिक्सेल लागतात.

५५ इंची टीव्हीला हा हिशेब लावा. त्याची उंची साधारण ६८ सेंटिमीटर. पाऊणपट म्हणजे ५१ सेंटिमीटर. टीव्हीपासून पावणेदोन फुटांवर बसायचं! घरी कोण बसेल असं?

उलटा हिशेबही करून बघू. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखू येतो. काहींची नजर याहून तीक्ष्ण असते, पण अंदाजाला हा आकडा पुरे.

(स्क्रीनवर: ५५ इंची टीव्ही. एचडी ते फोर-के फरक: सुमारे ७ फुटांच्या आत. फोर-के ते एट-के फरक: सुमारे साडेतीन फुटांच्या आत.)

आपल्याकडे दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला असतो. अंतर आठ फूट धरा. तिथून फोर-के आणि एट-केमधला फरक कळायला १२३ इंची पडदा लागेल. म्हणजे जवळजवळ नऊ फूट रुंद. भिंतच संपली.

बरं, पडदा घेतला. त्यावर दाखवणार काय? जपानमध्ये १ डिसेंबर २०१८ला एनएचकेने 'बीएस एट-के' ही उपग्रह वाहिनी सुरू केली. दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) नसलेला एट-के सिग्नल सेकंदाला सुमारे ४० गिगाबिट भरतो. तो दाबून दाबून १०० मेगाबिटच्या आसपास आणला. तरी एका वाहिनीला उपग्रहाचा अख्खा ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारा संच) लागला. त्यातही उपलब्ध जागा होती डावीकडे फिरणाऱ्या लहरींवर, म्हणून डिश नवी. डिशमधून केबलमध्ये उतरताना त्या सिग्नलची वारंवारिता ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाते, म्हणून जुन्या इमारतींत भिंतीतली केबल, बूस्टर, स्प्लिटरसुद्धा बदलायची वेळ आली. आपल्या सोसायटीत डक्टमधून एक वायर ओढायची तर किती सभा होतात, ते तुम्हाला माहीत आहे. पुढे २०२५मध्ये सोनीने एट-के टीव्ही बनवणंच थांबवलं.

भारतात २०१५च्या क्रिकेट विश्वचषकाचे सामने टाटा स्कायने फोर-केत दाखवले होते. पण डिशवर फोर-के रुजलं नाही, ते आलं इंटरनेटवरून. आणि डिशवर आपण आजही एचडी म्हणून जे बघतो, ते १९२० गुणिले १०८० चं, तेही ओळीआड ओळ पाठवलेलं. हे चित्र फोर-के पडद्यावर आलं, की चारपैकी तीन पिक्सेल टीव्हीची चिप अंदाजाने भरते. एट-के पडद्यावर सोळापैकी पंधरा! पैसे तुम्ही सोळाचे मोजता, प्रसारणातून येतो एक.

म्हणून मला बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला चित्राची किती माहिती येते त्याची, तळमळ जास्त वाटते. मॅचमध्ये कॅमेरा चेंडूमागे सपकन फिरतो, तेव्हा मैदानावरचं गवत बघा. गवताची पाती जाऊन हिरवा लगदा होतो आणि प्रेक्षकांचे चेहरे चौकोनात फुटतात. फोर-के स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण १५ मेगाबिट लागतात, तासाला पावणेसात जीबी. बीएस एट-केच्या दराने तोच तास ४५ जीबी खाईल. आणि उपग्रहाचा एकच सिग्नल सगळ्या घरांना पुरतो. इंटरनेटवर मात्र प्रत्येक घराला वेगळा प्रवाह द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. बीएस एट-केच्या पहिल्याच दिवशी त्यांनी १९६८ सालचा एक चित्रपट ६५ एमएमच्या मूळ निगेटिव्हवरून पुन्हा स्कॅन करून दाखवला. पन्नास वर्षं जुनी फिल्म, आणि तिच्यात एट-केला पुरेल इतका तपशील होता! चांगल्या ३५ एमएम निगेटिव्हमधूनही फोर-के सहज निघतं. म्हणूनच पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमधलं फोर-के पुनरुज्जीवनाचं काम फार मोलाचं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकांचं तसं नाही. टेपवर ५७६ ओळीच होत्या. जे टिपलंच नाही, ते कुठल्याही टीव्हीतून बाहेर येणार नाही.

मग घ्यायचं काय? फोर-के घ्या, आणि उरलेले पैसे पॅनेलवर घाला. ओएलईडी, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि विझतो, परवडत असेल तर उत्तम. नाहीतर लोकल डिमिंग, म्हणजे पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद करण्याची सोय, असलेला मिनी-एलईडी. काळा रंग खरोखर काळा दिसला आणि दिव्याचा प्रकाश झगमगला, तर तो फरक आठ फुटांवरूनही कळतो. अंधार आणि उजेड यांतला असा जास्त फरक दाखवणाऱ्या तंत्राला एचडीआर म्हणतात. एचएलजी हा एचडीआरचा प्रकार बीबीसी आणि एनएचकेने मिळून थेट प्रसारणासाठीच तयार केला आहे. आपल्या वाहिन्यांनी एट-केच्या नादी न लागता एचडीआर आणि चांगला बिटरेट द्यावा, हीच माझी मागणी आहे.

आणि टीव्ही घरी आला, की पहिलं काम: पिक्चर मोडमध्ये जाऊन 'व्हिव्हिड' बंद करा, 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' लावा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल. राहू द्या तसंच. तुमच्या सोफ्यापासून टीव्हीचं अंतर आणि पडद्याचा आकार कमेंटमध्ये लिहा. तुमच्या घरात फोर-केचा फायदा दिसतो का, ते मी गणित करून सांगतो.