कुठली नाकपुडी?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'नाक आणि सायनसमधल्या साध्या गाठी: निदान आणि उपचार', तो येईलच शेवटी, पण खरं सांगू का, मला बोलायचंय एकाच प्रश्नाबद्दल, जो आम्ही डॉक्टर विचारतच नाही. कुठली नाकपुडी?

हसू नका. केसपेपरवर काय असतं? 'नाक बंद, सहा महिने.' अहो पण कुठलं? सर्दी, अ‍ॅलर्जी, नेहमीचे पॉलिप म्हणजे अस्तर सुजून लोंबणारे मऊ फुगवटे, यांचा त्रास बहुतेक दोन्हीकडे, सर्दीत तर नाकपुड्या पाळ्या लावतात, घटकेत ही, घटकेत ती. पण एकच बाजू, कायम तीच, महिनोन्‌महिने, तर आत काय बसलंय ते बघायलाच हवं. लहान पोर असेल तर मणी नाहीतर खोडरबर निघतं. पडदा वाकडा असला तरी एक बाजू चोंदते, मान्य, पण ते बघून ठरवायचं ना, न बघता 'हाड वाढलंय' सांगून मोकळं व्हायचं नाही.

माझ्याकडे एक सर आले होते, पन्नाशीचे, गणिताचे शिक्षक. पिशवीतून स्प्रेच्या बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या, नऊ. चार वर्षांची अ‍ॅलर्जी म्हणे. विचारलं कुठली नाकपुडी, तर म्हणाले, "उजवी. डावी एकदम झकास आहे, पण मला कोणी विचारलंच नाही." जीभ दाबायची स्टीलची पट्टी नाकाखाली धरली, श्वास सोडायला सांगितला, डावीकडे वाफेचा छान गोल उमटला, उजवीकडे पट्टी कोरडी ठणठणीत. दुर्बीण घातली तर आत दाणेदार, खडबडीत मांस. साधा पॉलिप कसा, सोललेल्या द्राक्षासारखा गुळगुळीत, हे तसं नव्हतं. मी मनातल्या मनात आधीच्या डॉक्टरांना चार शब्द सुनावले आणि सरांची जुनी फाईल उघडली, तर दोन वर्षांपूर्वीचा कागद, 'नाक बंद, स्प्रे चालू ठेवा', आणि खाली सही माझीच!

तुकडा तपासला, इन्व्हर्टेड पॅपिलोमा. ही गाठ नाकाच्या श्नायडेरियन अस्तरातून येते. हा श्नायडर सतराव्या शतकातला, शेंबूड मेंदूतून गळत नाही हे दाखवून देणारा, म्हणजे तोवर लोकांना वाटायचं शिंकरताना थोडा मेंदूच... असो, चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बघा, हे असं होतं.

तर भराभर. इन्व्हर्टेड म्हणजे हातमोज्याचं बोट आत ओढावं तसं अस्तर आतल्या आत वाढतं. कॅन्सर नाही, पण शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांत त्यात कॅन्सर सापडतो, म्हणून काढलेलं सगळं पॅथॉलॉजीकडे, 'पॉलिपच तर आहे' म्हणून काही टाकून द्यायचं नाही. सीटीत एका जागी हाड जाड झालेलं दिसलं तर मूळ बहुधा तिथेच. गाठ कुठे संपते आणि नुसता अडकलेला शेंबूड कुठे सुरू होतो, हे एमआरआय सांगतो. ऑपरेशन आता बहुतेक दुर्बिणीनेच, चेहरा कापावा लागत नाही, पण मुळाखालचं हाड घासून काढायलाच हवं, नुसतं मांस ओढलं तर परत येते. आणि काही वर्षांनीही येऊ शकते, म्हणून बरं वाटलं तरी तपासणी चालू ठेवायची.

वयात येणारा मुलगा, एक बाजू बंद, सारखा घोळणा फुटतो, तर अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, असू शकतो, ओपीडीत तुकडा घ्यायचा नाही, म्हणजे नाही, रक्त थांबवता थांबवता नाकी नऊ येतील. आधी स्कॅन, मग बहुतेकदा रक्तवाहिन्या बंद करून एकदोन दिवसांत ऑपरेशन. तान्ह्या मुलाच्या नाकात वरून लोंबणारी गाठ दिसली तरी आधी स्कॅनच, कधीकधी मेंदूच खाली उतरलेला असतो (तेवढ्यापुरते ते जुने लोक बरोबर). ऑस्टिओमा म्हणजे हाडाची गाठ, बरेचदा दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या सीटीत सापडते, लहान असेल, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं.

थांबतो, ते मागचे काका कधीपासून हात वर करून बसलेत. बोला काका, आणि आधी बाजू सांगा.