फॉक्स-बॉडी मस्टँग: पहिला पैसा मागच्या ॲक्सलवर

(दृश्य: स्टँडवर उचललेली मागची चाकं. टॉर्चच्या उजेडात प्रोपेलर शाफ्टवर खडूची एक रेघ.)

निवेदन:

गिअर न्यूट्रलमध्ये. मागची दोन्ही चाकं हवेत, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. आता एक चाक हाताने बरोबर एक फेरा फिरवायचं आणि गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जाणाऱ्या शाफ्टवरच्या रेघेवर नजर ठेवायची. पावणेतीन फेऱ्यांच्या किंचित अलीकडे रेघ थांबली, तर ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, 2.73. तीन फेरे होऊन जरा पुढे सरकली, तर 3.08. फिरवताना दुसरं चाकही त्याच दिशेने फिरायला हवं. ते उलटं फिरलं, तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना सोबत फिरवणाऱ्या भागाच्या, क्लच प्लेटा झिजल्यात, आणि तो खर्च आत्ताच हिशेबात धरलेला बरा.

ही आहे फोर्ड मस्टँग 5.0, फॉक्स प्लॅटफॉर्मवरची. 1979 ते 1993 या काळात ही पिढी बनली. 1987 ते 1992 च्या गाड्यांत 302 क्युबिक इंचांचं व्ही-8 इंजिन 225 हॉर्सपॉवर देत होतं. बाजूला 5.0 असं लिहिलेलं असलं तरी इंजिन भरतं 4942 सीसी. टॉर्क 407 न्यूटन मीटर, गाडीचं वजन साधारण साडेचौदाशे किलो. फोर्डने मस्टँग भारतात अधिकृतपणे विकायला घेतली ती 2016 मध्ये, तीही सहाव्या पिढीची. त्यामुळे अशी जुनी 5.0 घेऊन तिच्यावर काम करायची संधी बहुतेक अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसालाच मिळते, आणि घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न पडतो: सुरुवात कुठून करू?

बहुतेक जण एअर फिल्टर आणि सायलेन्सरपासून सुरुवात करतात. आवाज वाढतो, पिकअप होता तेवढाच राहतो. कारण या इंजिनाला खालच्या आरपीएमला ताकद कमी नाही. कंपनीने मायलेज सांभाळण्यासाठी मागे इतका उंच (म्हणजे आकड्याने लहान) रेशो दिलाय की ती ताकद चाकापर्यंत ढिली होऊन पोचते.

पण ॲक्सल उघडण्याआधी इंजिन धड आहे का, ते बघावं. गाडी तीस वर्षांहून जुनी आहे. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. प्लगचं अंतर 1.37 मिलिमीटर ठेवा. व्हॅक्युमच्या रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहा, चिरलेल्या लगेच बदला. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि गार झाली की पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला बसवलेला इग्निशन मॉड्युल आधी तपासा. तो उष्णतेनेच जातो.

मग टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते. याला पैसा लागत नाही, आणि फरक पायाला जाणवतो.

(दृश्य: इंजिनाचा पुढचा भाग, क्रँक पुलीवरच्या खुणा जवळून.)

कंपनीचं टायमिंग 10 अंश. इंजिन पूर्ण गरम करा. डिस्ट्रिब्युटरजवळच्या वायरीतला ‘स्पाउट’ नावाचा छोटा जोड काढून ठेवा, नाहीतर कॉम्प्युटर स्वतःच टायमिंग पुढे नेतो आणि दिसणारा आकडा खोटा ठरतो. टायमिंग लाइटची क्लिप एक नंबर सिलिंडरच्या वायरला लावायची. अमेरिकन मस्टँगमध्ये तो प्रवाशाच्या बाजूचा, म्हणजे उजवीकडचा, सगळ्यात पुढचा सिलिंडर. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून 12 वर आणा, घट्ट करा, जोड परत लावा. 14 पर्यंत जाणारे आहेत. आमचं मत, पंपावर 87 ऑक्टेनचं पेट्रोल भरणार असाल तर 10 च ठेवा, आणि 91 किंवा 93 भरणार असाल तरच पुढे सरका. या इंजिनाला नॉक सेन्सर नाही. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकणं, होतंय हे कॉम्प्युटरला कळतच नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर त्याच दिवशी 2 अंश मागे घ्या.

इथे एक फसगत नेहमी होते. क्रँकच्या पुलीमागचा बॅलन्सर दोन कड्यांचा असतो, मध्ये रबर. जुनं रबर सुटलं की बाहेरचं कडं सरकतं आणि त्यावरच्या खुणाच चुकतात. लाइटमध्ये 12 दिसतात, प्रत्यक्षात 18 असतात. म्हणून आधी खूण पडताळून घ्या. बॅटरी सोडा, सगळे प्लग काढा, एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा खुंट) बसवा. पाना लावून क्रँक हाताने, सावकाश फिरवा. पिस्टन टेकला की पुलीवर खूण. उलट फिरवा, पुन्हा टेकला की दुसरी खूण. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची जागा. स्टॉप काढून पुली त्या मध्यावर आणली, की कंपनीची शून्याची खूण काट्यासमोर यायला हवी. आली नाही, तर बॅलन्सर नवा.

(दृश्य: उघडलेलं हाऊसिंग, क्राउन गिअरवर पिवळी पेस्ट.)

आता मुख्य काम. क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरचा जोड, 2.73 ऐवजी 3.73 चा. या गाडीच्या टी-5 गिअरबॉक्सचा पहिला गिअर 3.35. तो 2.73 शी गुणला तर 9.15, आणि 3.73 शी गुणला तर 12.5. चाकावरचा टॉर्क 37 टक्क्यांनी वाढला, इंजिनाचा एकही नट न हलवता. शिवाय हा गुणाकार गिअरबॉक्सच्या मागे होतो. टी-5 तसाही या इंजिनाच्या टॉर्कला जेमतेम पुरणारा आहे, आणि त्याच्यात येणारा टॉर्क यात वाढत नाही.

याची किंमत हायवेवर मोजावी लागते. 225/60 आर 15 टायरवर, पाचव्या गिअरमध्ये ताशी 105 किलोमीटरला इंजिन आधी सुमारे 1590 आरपीएमला फिरत होतं, आता 2170 ला फिरेल. रोजचा लांबचा प्रवास असेल तर 3.55 घ्या. पहिल्याच वेळी 4.10 मात्र नको. 5000 आरपीएमला पहिला गिअर ताशी 45 किलोमीटरवरच संपतो.

8.8 इंचांच्या या ॲक्सलमध्ये 3.73 साठी डिफरन्शियलचा कॅरिअर (क्राउन गिअर ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागत नाही. मागच्या कव्हरचे 10 बोल्ट, मग आडव्या पिनचा छोटा लॉक बोल्ट. तो गंजून मोडतो, म्हणून जोर न लावता, नीट बसणाऱ्या पान्याने काढा. पिन निघाली की ॲक्सलचे दांडे धरणाऱ्या सी-क्लिप सुटतात आणि दांडे बाहेर येतात. कॅरिअर काढण्याआधी बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करा, शिमही (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बाजूप्रमाणे वेगळ्या ठेवा. कॅपची अदलाबदल झाली तर बेअरिंग टिकत नाही.

पिनियनखाली मूळ जाडीची शिम ठेवून सुरुवात करा. क्रश स्लीव्ह, म्हणजे नट आवळताना दबणारी नळी, नवीच हवी. नट थोडा थोडा आवळत, नव्या बेअरिंगला पिनियन फिरवायला 1.8 ते 3.3 न्यूटन मीटर लागतील इथवर आणा. जास्त आवळला गेला तर नट मागे घेऊन चालत नाही. दबलेली स्लीव्ह परत फुलत नाही, ती फेकून दुसरी घालावी लागते. क्राउन आणि पिनियनमधला प्ले (मोकळीक) डायल गेजने चार ठिकाणी मोजा, 0.20 ते 0.30 मिलिमीटर. मग दातांना पेस्ट लावून फिरवा. ठसा दाताच्या मधोमध हवा. मुळाशी किंवा टोकाला गेला, तर शिम बदलून सगळं पुन्हा. या जागी कंटाळा केला की गाडी 80 ला गेल्यावर मागून शिटी वाजते, आणि ती नंतर कशानेच जात नाही.

तेल जवळपास 1.9 लिटर, त्यात डिफरन्शियलच्या क्लच प्लेटांसाठी 118 मिलिलिटर फ्रिक्शन मॉडिफायर. तो विसरलात तर वळताना मागचा भाग थरथरतो. स्पीडोमीटरचा गिअरही बदलावा लागेल. ड्राइव्ह गिअरचे दात गुणिले ॲक्सलचा रेशो गुणिले टायरचे मैलामागे फेरे, भागिले 1000. सात दातांचा ड्राइव्ह गिअर, 3.73 आणि 805 फेरे धरले तर उत्तर 21 दात.

हा टॉर्क ॲक्सलला धरणाऱ्या मागच्या चार लिंक जिथे बसतात त्या पत्र्याच्या पेट्यांवर येतो. खालच्या लिंकच्या टोकाशी पत्रा फाटलाय का, तारेच्या ब्रशने घासून पाहा. सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे पुढची-मागची चौकट जोडणाऱ्या पट्ट्या, वेल्ड करा, पण गाडीचं वजन चाकांवर असताना. लिफ्टवर लटकत असताना वेल्ड केलं, तर वाकलेल्या अवस्थेतच बॉडी पक्की होते. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल याच खेपेला नवं. मागे ड्रम आहेत, पुढचे डिस्कही लहानच.

एक्झॉस्ट बदलायचा असेल तर कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या भागाच्या) मागचा बदला. कन्व्हर्टर काढणं कायद्याला धरून नाही, आणि मूळ मॅनिफोल्ड स्टीलच्या नळ्यांचेच असल्याने लहान हेडर घालून फारसं काही मिळत नाही. कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) विचार दूर ठेवा, विशेषतः 1986 ते 1988 च्या गाडीत. तिथे हवा मोजणारा मीटर नसतो. कॉम्प्युटर व्हॅक्युमवरून अंदाज बांधतो, आणि कॅम बदलला की अंदाज चुकतो.

पहिली वीस मिनिटं साधी चालवून ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्या. पुढचे 800 किलोमीटर ॲक्सिलरेटर जपून. मग कव्हर पुन्हा उघडा आणि तळाचं तेल बोटांत चोळा. करडी, मऊ लगदी असेल तर काम नीट झालंय. चिमटीत धरता येईल असा कीस लागला, तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि पेस्ट लावून ठसा पुन्हा घ्या.