दादा, मराठी येतं का?

नमस्कार श्रोतेहो.

महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न कधी ना कधी कुणीतरी विचारलेला असतो. बंगळुरू असो की हैदराबाद, वेळ बहुधा संध्याकाळची. बऱ्यापैकी धुतलेले कपडे घातलेला एक माणूस, मागे डोक्यावरून पदर घेतलेली बायको, तिच्या कडेवर पोर. माणूस जवळ येतो आणि हळूच म्हणतो, "दादा, मराठी येतं का?" परमुलखात आपली भाषा कानावर पडली की पाय थांबतातच. आणि पाय थांबले की गोष्ट सुरू होते. आम्ही परभणीकडचे. मुकादमानं बांधकामावर आणलं, महिनाभर राबवून घेतलं आणि पैसे न देताच पसार झाला. भीक नाही मागत दादा, पोरानं सकाळपासून काही खाल्लं नाही, तेवढं बघा.

आपण पन्नास-शंभर रुपये देतो. थोड्या दिवसांनी दुसऱ्या चौकात हीच गोष्ट, हाच मुकादम, कधी कधी तर पोरही तेच. मग आपण चिडतो आणि पुढची दोन वर्षं कुणालाच काही देत नाही. हे आता पुण्या-मुंबईतही चालतं, फक्त तिथे भाषेचा धागा चालत नाही म्हणून पाकीट मारल्याची गोष्ट असते.

यातली अडचण अशी, की ही गोष्ट मुळात खोटी नाही. मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बांधकामावर, वीटभट्टीवर जाणारे आणखी वेगळे. हिशेबात बुडवलेले, उचल फिटली नाही म्हणून अडकवून ठेवलेले, रातोरात निघून आलेले लोक खरोखर असतात. त्यांच्यातलं एखादं कुटुंब खरोखरच कुठल्यातरी स्टँडवर तिकिटाला पैसे नाहीत म्हणून बसलेलं असतं. गोष्ट खरीच असते. ती समोरच्या माणसाची आहे का, एवढंच कळत नाही. आणि ते आपल्याला मिनिटभरात ठरवायचं असतं, एक डोळा आपल्या बसकडे ठेवून.

कसं ठरवतो आपण? कपडे बघतो. हातात मोबाइल दिसला की याला कसली गरज, म्हणतो. जसा काही रिकाम्या पोटी माणसानं फोन आधी फेकून द्यायला हवा! धडधाकट दिसला तर "काम कर की" म्हणतो, आणि खरंच काम मागितलं तर आपल्याकडे काम नसतं. गावाचं नाव विचारतो, तालुका विचारतो, उलटतपासणी घेतो.

मला या उलटतपासणीचा फार राग आहे. ज्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा हात पसरायची वेळ येते, त्याची जीभ अडखळते. तो नजर चुकवतो. अर्धं वाक्य बोलून गप्प बसतो, कारण लाजेनं त्याला बोलवत नाही. आपल्याला नेमकं तेच संशयास्पद वाटतं. उलट रोज हीच गोष्ट सांगणाऱ्याला कुठे आवंढा गिळायचा, पोराला कधी पुढे करायचं, हे पाठ असतं. म्हणजे आपण घेतलेल्या परीक्षेत तालीम करून आलेला पास होतो आणि खरा अडलेला नापास. अशी परीक्षा घ्यायचीच कशाला?

पूर्वी ही परीक्षा नव्हती, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव यायचा, चिपळ्या वाजवत दान पावल्याची गाणी म्हणायचा. नंदीबैलवाले यायचे, पोतराज यायचा, गोंधळी, पिंगळा, बहुरूपी. घरातली बाई सुपातून पसाभर धान्य घालायची आणि कुणाला काही विचारायची नाही. पण विचारायची गरजच नव्हती ना! ही माणसं गावाला ठाऊक होती. ठरलेल्या हंगामात, बहुधा सुगीनंतर, ठरलेल्या फिरस्तीवर ती यायची. त्यांचे बापजादेही त्याच वाटेनं आलेले असायचे. अनोळखी वाटणारा माणूस तसा अनोळखी नव्हताच. देणं सोपं होतं ते यामुळे. त्या काळची मनं आपल्यापेक्षा मोठी होती, असं काही मला वाटत नाही.

ती ओळख तुटली की काय होतं, ते आपण धुळे जिल्ह्यात पाहिलं. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. पाचही जणांना. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्या झोळीत पीठ पडलं असतं, त्यांच्याबद्दल एका मेसेजवर विश्वास ठेवला गेला.

आणि कायदा? आपल्याकडे 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्यातली भीक मागण्याची व्याख्या कधी तरी वाचून बघा. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, कसरती करून किंवा एखादी वस्तू विकायचं निमित्त करून सार्वजनिक जागी पैसे मागणं, हे सगळं त्यात येतं. त्या हिशेबानं आपला वासुदेवही आरोपीच. पोलिस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि पहिल्याच वेळी किमान एक, जास्तीत जास्त तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. मुंबईतलं असं गृह चेंबूरला आहे. हाच कायदा दिल्लीलाही लागू केलेला होता. तिथल्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2018 मध्ये त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. आपल्याकडे कायदा जागच्या जागी आहे. इंदूरच्या प्रशासनानं तर 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवू, असं जाहीर केलं. म्हणजे तिथे खिशात हात घालण्याआधी आजूबाजूला बघायचं! भीक मागायला लावणाऱ्या टोळ्यांना जरूर पकडावं, पण दहा रुपये देणाऱ्याला पोलिस ठाण्यात नेऊन कुणाची भूक भागणार आहे, हे मला उमगत नाही.

मग मी काय करतो? माझी पद्धत साधी आहे, कुणाला बावळटपणाचीही वाटेल. महिन्याच्या सुरुवातीला एक रक्कम बाजूला काढतो. ती रक्कम गेली असंच धरून चालायचं. सुट्या नोटा वेगळ्या खिशात. मागणाऱ्यात म्हातारं माणूस असेल, अपंग असेल तर आधी त्याला. दिले की गोष्ट ऐकत बसायचं नाही आणि दारू पिणार का, हेही विचारायचं नाही. खिसा रिकामा झाला की "आज नाही हो" म्हणायचं, पण तोंडाकडे बघून. यातले काही जण मला फसवतात, ते मला माहीत आहे. एवढ्या रकमेत फसायची माझी तयारी असते, म्हणून तर ती आधी ठरवलेली असते. सुटे नाहीत, ही सबब मात्र आता कुणी सांगू नये. हल्ली समोरचाच क्यूआर कोड पुढे करतो.

गावाला जायला पैसे हवेत म्हणणाऱ्याचं वेगळं. वेळ असेल तर "चला, तिकीट काढून देतो" म्हणावं. काही जण तिथूनच निघून जातात, काही जण खरंच येतात. इथे एसटीची थोडी माहिती असलेली बरी. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. स्टँडवर बसलेल्या एखाद्या आजींना हे माहीतच नसतं. त्यांच्या पिशवीत आधार कार्ड आहे का, एवढं बघितलं आणि बसमध्ये बसवून दिलं, तर पैसे द्यायचीही गरज पडत नाही.

मुंबईत, विशेषतः कुलाब्याकडे, आणखी एक प्रकार पुष्कळांनी पाहिला असेल. कडेवर तान्हं घेतलेली बाई म्हणते, पैसे नकोत, बाळाला दुधाची पावडर घेऊन द्या. ती दाखवते त्याच दुकानात आपण डबा घेतो, समाधानानं निघतो, आणि नंतर तो डबा दुकानात परत जातो; पैसे वाटून घेतले जातात. हे कळल्यावर जाणते लोक सल्ला देतात की डबा फोडून द्या, बिस्किटाचा पुडा फाडून द्या. द्या की. पण मला त्यात एक गोष्ट खटकते. डबा परत करून जे काही हाती पडेल त्यासाठी दिवसभर उन्हात तान्हं घेऊन फिरणारी बाई श्रीमंत असते का? तिनं आपल्याला फसवलं हे खरं आणि ती गरीब आहे हेही खरं. आपल्याला मात्र गरीब माणूस सच्चाही हवा असतो.

एका ठिकाणी मात्र मी हात आखडता घेतो. सिग्नलला गाडीच्या काचा पुसणारी, गुलाब विकणारी, 26 जानेवारीला झेंडे विकणारी लहान मुलं. त्यांना पैसे देत नाही, फार जिवावर येतं तरी देत नाही. मोठ्या माणसानं मागून काय मिळवावं हा त्याचा प्रश्न. पण मूल जितकं कमावतं तितकं त्याचं शाळेत जाणं लांबतं. दुपारी बारा वाजता सिग्नलला जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर त्याला वर्गात कोण बसू देईल? मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. एकटं, आजारी, घाबरलेलं मूल दिसलं तर 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवावा. सांभाळायला कुणी नसलेलं म्हातारं माणूस दिसलं तर ज्येष्ठांसाठी 14567 आहे. हे दोन नंबर फोनमध्ये असू द्या.

आता मोठ्या रकमेकडे येऊ, कारण इथे माझा नियम बरोबर उलटा होतो. दहा-वीस रुपयांना चौकशी नको म्हणणारा मी, हजारांचा प्रश्न आला की चौकशीशिवाय एक पैसा देत नाही. मोबाइलवर फोटो येतो. नळ्या लावलेलं बाळ, खाली खाते क्रमांक आणि "पुढे पाठवा, एक जीव वाचेल." लोकांच्या पैशानं जीव वाचतात, यात शंका नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी 16 कोटी रुपयांचं इंजेक्शन लोकवर्गणीतून आलं, ते आपण पाहिलं. पण तेच फोटो खाते क्रमांक बदलूनही फिरतात. म्हणून हॉस्पिटलचा नंबर मेसेजमधला घेऊ नका, स्वतः शोधून लावा. रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. पैसे हॉस्पिटलच्या खात्यात त्या क्रमांकावर भरा. खरे नातेवाईक याला कधी नाही म्हणत नाहीत.

मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. कुणाकडे औषधाला पैसे नाहीत, कुणाला घरी न्यायला कुणी आलेलं नाही, हे त्या टेबलावर रोज कळतं. मुंबई महापालिकेच्या केईएमसारख्या रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतो, त्यात आपण पैसे देऊ शकतो. खासगी धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. चिठ्ठी घेऊन दारोदार फिरणाऱ्या माणसाला हे नीट समजावून सांगितलं आणि जमलं तर त्या टेबलापर्यंत सोबत गेलं, तर शंभराच्या नोटेपेक्षा ते त्याच्या जास्त उपयोगी पडतं. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचाराला आलेले परगावचे लोक तिथे उतरतात. तिथे मदत देताना खरा कोण, खोटा कोण, हा प्रश्नच येत नाही.

एक गोष्ट राहिलीच. "तुमच्या खात्यात चुकून पैसे आलेत, आई दवाखान्यात आहे, लगेच परत पाठवा" असा रडवेल्या आवाजातला फोन आला, तर आधी बँकेचं खातं बघा. मेसेजवर जाऊ नका, तो बनवता येतो. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

आणि जे मागतच नाहीत त्यांचं काय? जून तोंडावर आलाय. सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीची फी, धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या नातवाच्या वह्या, रेनकोट, दप्तर. यांची नावं, गावं, पगार, कर्ज, आपल्याला सगळं माहीत असतं. मावशी फार तर "ताई, पुढच्या पगारातून कापा" म्हणतील, एवढंच. या आठवड्यात त्यांच्याकडून वह्यांची यादी मागून घ्या. दुकानात गर्दी व्हायच्या आत आणलेल्या बऱ्या.

नमस्कार.